दहा जणांविरुद्ध अर्धा तास

जून आला की आमच्या रस्त्यावरच्या गाड्यांना झेंडे फुटतात. खिडकीच्या काचेत अडकवायचे, प्लास्टिकच्या काठीचे, पांढऱ्यावर लाल फुली असलेले, इंग्लंडचे. गाडी मोटरवेला लागली की ते इतके फडफडतात की आठवड्याभरात कडेनं चिंध्या होतात. यंदा वर्ल्ड कप आहे, त्यामुळे ब्रिस्टलमध्ये पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानापासून दातांच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे फुल्या लटकल्या आहेत. कापलेल्या गवताचा वास येतो, संध्याकाळी नऊपर्यंत ऊन असतं.

गेल्या शनिवारी इंग्लंडची पहिली मॅच झाली. जिंकले, एक-शून्य. तो एक गोलही पहिल्या पाच मिनिटांत समोरच्या संघाच्या माणसाच्या डोक्याला लागून त्यांच्याच जाळ्यात गेला होता. उरलेला वेळ मी जे पाहिलं त्याला फुटबॉल म्हणायला जीभ रेटत नाही. मागच्या खेळाडूकडे चेंडू आला की अंगावर झुरळ पडल्यासारखा तो झटकून टाकायचा. लांब, उंच, पुढे उभ्या असलेल्या त्या ताडमाड माणसाच्या डोक्याच्या दिशेनं. त्याच्या डोक्याला लागून तो कुठे जाईल हे त्यालाही माहीत नसे. समोरचे चेंडू घ्यायचे, शांतपणे आपापसांत खेळवत आणायचे, मग पुन्हा झुरळ, पुन्हा झटका. जगातल्या सर्वात श्रीमंत क्लबांतून खेळणारी ही माणसं. एकालाही पायाखाली चेंडू नको होता. मॅच संपल्यावर मी टीव्ही बंद केला तेव्हा जिंकल्याचा आनंद असतो तसं काही वाटत नव्हतं. शिसारी आली होती.

मी कोण यांची शिसारी बाळगणारा, असा प्रश्न कुणालाही पडेल. मी गडहिंग्लजचा. कोल्हापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या उंबऱ्यावरचं गाव. महाराष्ट्रात इतर ठिकाणी पोरं स्टंपा ठोकतात तेव्हा आमच्याकडे चेंडूत हवा भरलेली असते. दिवाळीत आमच्याकडे फुटबॉलच्या स्पर्धा होतात. फराळाचे डबे घेऊन बायाबापड्या मॅच बघायला येतात, आणि पास चुकला की म्हातारा माणूससुद्धा खेळणाऱ्याच्या आईबापाचा उद्धार करतो. माझे वडील, अण्णा, सायकली दुरुस्त करायचे. चेंडूच्या आतल्या ब्लॅडरला पंक्चर निघालं की तेही तेच काढायचे, सायकलच्या ट्यूबचाच तुकडा लावून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी इंजिनिअर झालो आणि इथे आलो, यात माझ्या हुशारीपेक्षा त्या दुकानाचा वाटा मोठा आहे.

आमच्या शाळेच्या मैदानाला एका बाजूला दगडी गडगा होता आणि गडग्यापलीकडे मिरचीच्या व्यापाऱ्याचं खळं. संकेश्वरी मिरचीच्या लाल राशी तिथे उन्हात पसरलेल्या असत. वारा पलीकडून आला की गोलकीपर शिंकायचा. उंच मारलेला चेंडू हमखास मिरच्यांत पडायचा, आणि एकदा पडला की संध्याकाळपर्यंत मिळत नसे. मिळाला तरी त्याला हात लावणाऱ्याचे डोळे चुरचुरायचे. म्हणून आमचे खेळाचे नदाफसर चेंडू वर जाऊच देत नसत. "वर गेलेला चेंडू कुणाचा नसतोय रं," ते कडेनं पळत ओरडायचे. "भ्या वाटलं की आदी पायाखाली घे. मग मान वर कर, आन बग कुणाला द्यायचा." आमच्या खेळाची सगळी शैली मिरच्यांच्या धाकानं घडली. छोटे पास, जमिनीलगत, गरज पडली तर मागे, पण चेंडू आपल्याकडे. कोल्हापूरच्या धिप्पाड पोरांना आम्ही त्यावरच दमवायचो. सरांकडे इंग्रजी नियमांचं एक पुस्तक होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. हा खेळ इंग्लंडनं जगाला दिला, असं ते सांगायचे. तेव्हा मला वाटायचं, जिथून हा खेळ आला तिथले लोक तो किती सुंदर खेळत असतील.

ही समजूत चार वर्षांपूर्वी, २००२ च्या जूनमध्ये गेली. तिच्याबरोबर आणखी एक गेली. ती माझ्याबद्दलची होती.

मी आदल्या शरदात ब्रिस्टलला आलो होतो. विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, पुण्याच्या आमच्या कंपनीचा माणूस म्हणून. काम साधं होतं. इथले इंजिनिअर पंखाच्या आतल्या भागांची ड्रॉइंग्ज द्यायचे, मी ती पुण्याला पाठवायचो, तिथली टीम त्यांच्या ताकदीची गणितं करायची आणि ती मी इथे सादर करायचो. इथला माझा साहेब ग्रॅहम, पन्नाशीचा, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, पावसाळी कोटाच्या खिशात कायम पुदिन्याच्या गोळ्या. त्यानं मला बँकेत खातं उघडून द्यायला स्वतः नेलं होतं. थंडीत हातमोजे आणून दिले होते. मी त्याचा ऋणी होतो आणि ते खरंच होतं. अण्णा रविवारी फोनवर एकच विचारायचे, "सायबाचं नीट ऐकतोस न्हवं? उलट बोलू नगंस." मी उलट बोलत नव्हतोच.

पुण्याच्या टीममध्ये मुख्य होती वैशाली. तासगावची, एसटी ड्रायव्हरची मुलगी, माझ्यासारखीच घरातली पहिली पदवीधर. कामात माझ्यापेक्षा चोख. ऑगस्टपासून तिनं ब्रिस्टलला यायचं ठरलं होतं, एका वर्षासाठी. व्हिसाचे कागद गेले होते. कॉन्फरन्स कॉल संपला, ग्रॅहम खोलीतून गेला, की ती इंग्रजी सोडून मराठीत यायची. "सर, ऑगस्टमध्ये तिकडे स्वेटर लागतो का हो?" "तिथे ज्वारीचं पीठ मिळतं का?" एकदा म्हणाली, "आमचे बाबा सगळ्या डेपोला सांगत सुटलेत. आता नाही आले तर त्यांना बदलीच मागावी लागेल." ती हसली, मीही हसलो.

जपान-कोरियातला तो वर्ल्ड कप. त्यामुळे मॅचेस इथल्या सकाळी नाहीतर जेवणाच्या वेळी. कंपनीनं कँटीनमध्ये मोठा पडदा लावला होता. बेकनचा वास, कागदी कपातला चहा, आणि दोनशे माणसं टायची गाठ सैल करून उभी. इंग्लंडच्या बाजूनं मी मनापासून होतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. माझ्याबरोबर घरात राहणारा नितीन कोथरूडचा, बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा, त्याला क्रिकेटपलीकडे खेळ माहीत नव्हता. "सुन्या, तू गडहिंग्लजचा," तो म्हणायचा, "तुला इंग्लंडचा एवढा पुळका कसला? यांनी दीडशे वर्षं राज्य केलं, तू परत स्वतःहून अर्ज करतोयस?" स्वीडनविरुद्धची पहिली मॅच आम्ही घरी पाहिली. बरोबरीत सुटली. उत्तरार्धात इंग्लंड मागे मागे सरकत गेलं, तेव्हा नितीन पेपर खाली ठेवून म्हणाला, "हे काय, ड्रॉसाठी खेळतात का? आमचा गल्लीतला टेलएंडर असा खेळतो."

नंतरच्या शुक्रवारी, सात जूनला, अर्जेंटिनाविरुद्धची मॅच साडेबाराला होती. मी कँटीनकडे निघालो तेव्हा ग्रॅहम जिन्यात भेटला. त्यानं एक घडी घातलेलं ड्रॉइंग माझ्या हातात दिलं. एका ब्रॅकेटची जाडी बदलली होती. "कंपनीच्या रजिस्टरमधून रीतसर यायला तीन आठवडे जातील," तो म्हणाला. "तोवर हे पुण्याला पाठव, मित्रा, म्हणजे त्यांचं काम फुकट जायला नको." कोपऱ्यात त्यानं पेननं तारीख टाकली. मी ते निळ्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि आम्ही दोघं पडद्यापुढे उभे राहिलो. इंग्लंडनं पेनल्टीवर गोल केला. मग शेवटचा बराच वेळ अकराच्या अकरा आपल्या गोलपुढे गोळा झाले आणि चेंडू येईल तसा दूर भिरकावत राहिले. तेव्हा मी पहिल्यांदा ते शब्द ऐकले. माझ्या शेजारचा, मागचा, ग्रॅहम, सगळे ओरडत होते, "गेट रिड! गेट रिड!" म्हणजे टाकून दे, कुठेही, पण तुझ्याजवळ ठेवू नकोस. आणि चेंडू प्रेक्षकांत गेला की टाळ्या. आमच्याकडे ज्या लाथेला शिव्या बसायच्या तिला इथे टाळ्या पडत होत्या. पण जिंकले. ग्रॅहमनं मला मिठी मारली. त्या आनंदात निळं फोल्डर टेबलाच्या खणात गेलं.

ते मला सापडलं पुढच्या बुधवारी. त्या सकाळी साडेसातला नायजेरियाशी मॅच होती, शून्य-शून्य. दोन्ही संघ उन्हात उभे राहून घाम पुसत होते आणि बरोबरी इंग्लंडला पुरेशी होती, म्हणून कुणी हलत नव्हतं. मी कंटाळून वर आलो आणि खण उघडला. पाच दिवस झाले होते. पुण्याची टीम जुन्या ड्रॉइंगवर काम करत होती. त्याच क्षणी फोन उचलून वैशालीला सांगितलं असतं तर तिला काम बदलायला वेळ होता. ग्रॅहमला सांगितलं असतं तर तो चार शब्द बोलला असता. मी काहीच केलं नाही. आता सांगितलं तर पाच दिवस काय करत होतास, असं विचारतील. हे लोक असेच, असं म्हणतील. उद्या बघू. दुसऱ्या दिवशी सहा दिवस झालेले होते, मग सात. डेन्मार्कला तीन गोलांनी हरवलं तो शनिवार मी झेंडे बघत फिरण्यात घालवला. वीस तारखेला वैशालीनं सगळी गणितं वेळेत पाठवली. खाली लिहिलं होतं, "ऑल चेक्ड ट्वाइस."

एकवीस जून, शुक्रवार, सकाळी साडेसात. ब्राझील. ही मॅच मी विसरू शकत नाही. इंग्लंडनं आधी गोल केला. कँटीनमध्ये कपांतला चहा उडाला. मग मध्यंतराच्या तोंडावर ब्राझीलनं बरोबरी केली आणि मध्यंतरानंतर लगेच लांबून मारलेली फ्रीकिक गोलकीपरच्या डोक्यावरून आत गेली. तेवढ्यात ब्राझीलच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळालं. दहा जण उरले. अर्ध्या तासाहून जास्त वेळ होता. समोर एक माणूस कमी, मैदानात जागाच जागा. मी ग्रॅहमला म्हटलं, "आता बघ." आणि मग आम्ही बघितलं. दहा माणसं चेंडू घेऊन खेळत होती आणि अकरा माणसं त्यांच्याकडे पाहत होती. चेंडू मिळाला तर इंग्लंडचा खेळाडू मान वर करायच्या आधीच तो पुढे फेकून द्यायचा. कुणी तो मागत नव्हतं. उन्हात उभं राहून ते आपल्या हरण्याची वाट पाहत असल्यासारखे दिसत होते. थकवा मी समजू शकतो, समोरचा चांगला असू शकतो. पण वेळ हातात असून, माणूस जास्त असून, पायाखाली चेंडू न घेणं, म्हणजे चूक आपली म्हणून मोजली जाऊ नये याचीच काळजी. चेंडू पुढे फेकला की तो हरवला तर पुढच्याचा दोष. किळस त्याची होती. त्यांनी गोल मारले नाहीत म्हणून मला वाईट वाटत नव्हतं. त्यांनी प्रयत्न केल्याचा देखावा केला, ते सहन होत नव्हतं.

"भित्रे," ग्रॅहम म्हणाला. "नुसते भित्रे. हे मी लहानपणापासून बघतोय."

दहा वाजता कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही चौघं होतो. टेबलाच्या मध्ये स्पीकरफोन, पलीकडे पुण्यात दुपारचे अडीच. ग्रॅहमनं गणितं उघडली, दोन पानं उलटली आणि थांबला. "हे सगळं जुन्या ड्रॉइंगवर आहे," तो म्हणाला. "सगळंच्या सगळं. कसं काय?"

फोनमधून पुण्यातल्या पंख्याचा आवाज येत होता. ते पाच-सहा सेकंद मला अजून मोजता येतात. मी ग्रॅहमकडे पाहिलं. ड्रॉइंग त्यानंच दिलं होतं, तारीख टाकून. पण रजिस्टरला न लावता हातोहात कागद देणं कंपनीच्या नियमात बसत नव्हतं, आणि खोलीत त्याचा वरचा साहेब होता. ग्रॅहमनं नजर कागदावर ठेवली.

मी म्हणालो, "लेट मी चेक व्हॉट हॅपन्ड ॲट पुणे एन्ड."

किती सफाईनं गेला तो चेंडू. उंच, लांब, सात हजार किलोमीटर.

"ओके, सर," वैशाली म्हणाली. "वी विल चेक."

ड्रॉइंग मी त्याच दुपारी पुण्याला पाठवलं, मध्ये काही झालंच नाही अशा थाटात. पुढच्या आठवड्यात पुण्याचे आमचे प्रमुख, देशमानेसर, यांचा फोन आला. क्लायंट नाराज आहे, काहीतरी ॲक्शन दाखवावी लागेल. वैशालीचं येणं रद्द झालं. तिच्या जागी दुसरा एक मुलगा आला, चांगला होता, मी त्याला बँकेत घेऊन गेलो. वैशालीला नंतर कधीच बाहेर पाठवलं नाही. दोन वर्षांनी तिनं कंपनी सोडली. मला मात्र ब्रिस्टलच्या या कंपनीनं कायम करून घेतलं. ग्रॅहमनं शिफारस केली होती.

या चार वर्षांत मी इंग्लंडच्या खेळाबद्दल जितकं वाईट बोललो तितकं कुठल्याच गोष्टीबद्दल बोललो नसेन. ऑफिसात, महाराष्ट्र मंडळात, गणपतीच्या जेवणाला. लोकांना गंमत वाटते. एक डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर असं बोलता की जणू त्यांनी तुमचं काही चोरलंय." मी हसून विषय बदलला. कृतज्ञ माणसाला भीती फार सोपी जाते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मिळालंय ते जाईल, म्हणून तो कशालाच हात लावत नाही, आणि वर त्याला नम्रता म्हणतो. या देशानं मला खूप दिलं. खोटं बोल असं कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी उलट बोलू नको सांगितलं होतं. खरं बोलू नको असं त्यांनी कधीच म्हटलं नसतं.

शनिवारी टीव्ही बंद केला आणि वैशालीचा नंबर नितीनच्या ओळखीतून मिळवून ठेवला होता तो फिरवला. ती आता हिंजवडीत दुसऱ्या कंपनीत आहे.

"सर? इतक्या दिवसांनी?" मागे भांड्यांचा आवाज येत होता.

मी सगळं सांगितलं. जिना, फोल्डर, बुधवार.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही नंतर ड्रॉइंग पाठवलंत त्याच्या कोपऱ्यात हातानं तारीख होती ना. सात जून."

"मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगणार होते? क्लायंटशी बोलायला आमच्याकडे तुम्हीच होतात."

मग म्हणालो की चार वर्षं हे मनावर होतं, आज सांगितलं, आता जरा...

"हलकं वाटतंय?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "देशमानेसरांना सांगितलंत?"

"नाही."

"माझ्या फाइलवर अजून आहे ते, सर. ड्रॉइंगची आवृत्ती तपासण्यात निष्काळजीपणा. मागच्या वर्षी एका कंपनीनं त्यांच्याकडे चौकशी केली, तेव्हा त्यांनी तेच वाचून दाखवलं. मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा." जरा थांबून म्हणाली, "ठेवते. कुकर झालाय."

खिडकीबाहेर ऊन होतं. कुणीतरी गाडीचा हॉर्न ताल धरून वाजवत चाललं होतं, जिंकल्याचा. मी कॉम्प्युटरपुढे बसलो. पहिलं वाक्य 'कम्युनिकेशन गॅप'नं सुरू झालं, ते खोडलं. दुसऱ्यात 'वी' होतं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं की सात जूनला ग्रॅहमनं ड्रॉइंग माझ्या हातात दिलं होतं, मी ते दोन आठवडे पाठवलं नाही, बारा तारखेला मला ते ठाऊक होतं आणि एकवीस तारखेच्या मीटिंगमध्ये मी खोटं बोललो. वैशालीचा यात काही दोष नाही आणि तिच्या फाइलवरची ती नोंद काढावी. देशमानेसरांना पाठवलं. ग्रॅहमला प्रत पाठवली, वैशालीलाही.

सोमवारी ग्रॅहमनं खोलीत बोलावलं. तो आता आमच्या पूर्ण विभागाचा प्रमुख आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईल. "हे का उकरलंस?" तो म्हणाला. "तुझंही भलं झालं, माझंही. ती पोरगीसुद्धा बरी आहे ना?" मी सांगितलं की नोंद अजून फाइलवर आहे. तो बराच वेळ पुदिन्याच्या गोळीचा कागद उलगडत राहिला. "माझं नाव त्यात आलंय, सुनील," एवढंच म्हणाला. माझ्या बढतीचा कागद त्याच्या सहीसाठी पडून आहे, ते दोघांनाही ठाऊक होतं.

काल देशमानेसरांचं उत्तर आलं. जुनी गोष्ट आहे, ती मुलगीही आता कंपनीत नाही, तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं, विषय इथेच संपवू.

फाइलवरच्या नोंदीबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. मी आज सकाळी त्यांना परत लिहिलं, चारच ओळी, आणि नोंद काढल्याचं पत्र वैशालीच्या नावानं मागितलं. उद्या इंग्लंडची दुसरी मॅच आहे, कँटीनमध्ये पडदा लागला आहे. त्याच वेळी पुण्याच्या ऑफिसला फोन लावणार आहे. तिथे तेव्हा रात्र असेल, पण देशमानेसर उशिरापर्यंत थांबतात, असं ऐकलं आहे.